विलायतेहून मोटार घेऊन येतांना

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत विलायतेहून मुंबईस नोकरीवर येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राही : तिकडे घेतलेली मोटार बरोबर आणावी, कीं ती तेथेंच विकून मुंबईंत दुसरी घ्यावी? वरवर पाहतां हिशेब सोपा होता. दोन्ही देशांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालत व हाकण्याचें चाक उजवीकडे असे. तेव्हां तिकडची गाडी इकडे जशीच्या तशी चालावी. अनुभव मात्र निराळा येई, आणि त्याचें मूळ लंडनच्या करपद्धतींत होतें.

1921 सालापासून इंग्लंडांत मोटारीवर दर अश्वशक्तीमागें वर्षाला एक पौंड कर बसूं लागला. ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येनें गुणावयाचें व अडिचांनीं भागावयाचें, एवढेंच तें गणित. दट्ट्या किती लांब धांवतो, याची या सूत्राला दादच नव्हती. साहजिकच कारखानदारांनीं अरुंद व लांब सिलिंडरांचीं लहान एंजिनें बांधलीं, आणि सपाट, बांधीव सडकांवर तीं चांगलीं चाललीं. पण माणसें व ट्रंका भरलेली तीच गाडी बोरघाट चढूं लागली कीं दम टाकी, रेडिएटरमधलें पाणी उकळे आणि मालकाला निम्म्या चढावर थांबून तें निवण्याची वाट पाहावी लागे. शिवाय गाडीचें पोट जमिनीपासून फारसें उंच नसे; बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनीं खणून काढलेल्या रस्त्यावर तें घासलें जाई. अमेरिकन गाड्यांना असल्या कराचें बंधन नव्हतें. त्यांचीं एंजिनें मोठीं, बांधणी उंच, आणि म्हणून हिंदुस्थानच्या बाजारांत त्यांचाच वरचष्मा होता. 1932 च्या ओटावा करारानें ब्रिटिश गाड्यांना जकातींत सवलत मिळाली, तरी तो सहजासहजीं ओसरला नाहीं. विलायती कर चुकविण्यासाठीं घडलेलें यंत्र सह्याद्रीपुढें हार खाई, ही गंमत खरीच.

सर्वच इंग्रजी गाड्या दुबळ्या होत्या असें मात्र नव्हे. 1908 सालीं ‘पर्ल ऑफ दि ईस्ट’ नांवाची रोल्स-रॉईस मुंबई-कोल्हापूरच्या 620 मैलांच्या कसोटींत उतरली व यशस्वी झाली; पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांनीं विकत घेतली. पण तो मामला राजेरजवाड्यांचा. पगारदार माणसाला त्यापासून कसला दिलासा?

त्याची चिंता गाडी बंदरावर उतरल्यापासूनच सुरू होई. मोटारीवर शेंकडा 30 जकात होती. 1927 सालीं ती 20 वर आली. त्याच वर्षीं मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तेसुधारणेची समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून 1929 पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आण्यांचा जादा कर रस्त्यांच्या निधीसाठीं घेण्यांत येऊं लागला. खर्च असा दोन्हीकडून. त्यांतच मुंबईची हवा. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचा सांगाडा लांकडी असे. पावसाळ्यांत तें लांकूड फुगे, दख्खनच्या उन्हाळ्यांत आकसे. मग सांधे सैल होऊन सारी गाडी खडखडूं लागे. चामड्याच्या बैठकींवर बुरशी चढे, ती वेगळीच. एखादा भाग मोडला आणि तो इकडे मिळत नसला, तर पत्र विलायतेस जाऊन वस्तु आगबोटीनें येईपर्यंत मोटार तबेल्यांत उभी.

येथेंच सारें पारडें फिरलें. फोर्डनें 1926 सालीं हिंदुस्थानांत आपली कंपनी काढली. ती कॅनडाच्या फोर्ड कंपनीची शाखा होती, कारण ब्रिटनखेरीज साम्राज्यांतील देशांचा व्यापार त्या कंपनीकडे असे. 1928 सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना उघडला. आतां सुटे भाग पेट्यांतून येत, गाडी इथेंच उभी राही, आणि ती जाणणारे मिस्त्रीही इथेंच तयार होत. घरची गाडी जहाजावर चढविण्यापेक्षां मुंबईंत शेव्हरोलेट घेणें शहाणपणाचें ठरलें तें यामुळें.

स्वातंत्र्यानंतर हेंही पालटलें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. 1949 मध्यें पूर्ण बांधलेल्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली, आणि 1953 सालीं टॅरिफ कमिशननें नुसती जोडणी करणाऱ्या, पण येथें गाडी बनविण्याची योजना नसलेल्या कारखान्यांना रजा देण्याची शिफारस केली. 1954 सालीं शिवडीचा कारखाना बंद झाला. त्यानंतर ज्यांच्या दारांत जुनी शेव्हरोलेट उरली, ते चोरबाजारांत तिचे भाग धुंडाळूं लागले, किंवा मोडका भाग नमुना म्हणून नेऊन लेथवर नवा कांतून घेऊं लागले.