लहरींचा मक्ता

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखून ठेवला, तेव्हा आवाजाचे बिनतारी प्रक्षेपण जन्मालाही आले नव्हते. तथापि पुढे ज्या ज्या गावाने आपला आवाज आपल्याच शिवारात पोहोचविण्याचा मनोदय धरला, त्याला ह्याच कायद्याच्या देवडीवर उभे राहावे लागले.

संस्थानी मुलखात मात्र वारे किंचित निराळे होते. १० सप्टेंबर १९३५ रोजी म्हैसुरात महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी पदरचे द्रव्य खर्चून, आपल्या राहत्या घरी, त्या काळच्या एखाद्या मिणमिणत्या दिव्याइतक्या म्हणजे अवघ्या तीस वॅट शक्तीचे प्रक्षेपक यंत्र सुरू केले, आणि कन्नड कवी कुवेंपूंच्या काव्यवाचनाने त्याचा शुभारंभ झाला. ते केंद्र अर्थातच एफएमचे नव्हते. त्या पद्धतीचे जाहीर प्रात्यक्षिक एडविन आर्मस्ट्राँग ह्यांनी न्यूयॉर्कात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केले. पुढे २५० वॅटचे यंत्र आले, १९४२ मध्ये केंद्राचा कारभार म्हैसूर सरकारने हाती घेतला, आणि प्राध्यापकांच्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव स्वतंत्र भारताच्या नभोवाणीने धारण केले. एका गृहस्थाच्या हौसेला एवढी राजमान्यता क्वचितच लाभली असेल.

ह्याच्या शेजारी बिहारातील वैशाली जिल्ह्याचे मनसूरपूर ठेवून पाहावे. तेथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका निर्धन तरुणाने २००३ च्या सुमारास किरकोळ किमतीचे सुटे भाग जुळवून एफएम केंद्र उभे केले, बांबूला आकाशक बांधला, आणि गाणी, भजने व गावातील वर्दी पंचक्रोशीला ऐकविण्यास आरंभ केला. २००६ मध्ये सरकारने ते बंद पाडले, कारण परवाना नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हे बिनतोड असेल. परंतु जी कृती प्राध्यापकाच्या हातून घडली असता उपक्रम ठरली, तीच कारागिराच्या हातून घडताच गुन्हा ठरावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

वास्तविक रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला होता. सरकारने दार उघडले ते बेताबेताने: २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, आणि मनसूरपूरचे केंद्र मिटले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात किमान तीन वर्षे जुन्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना. व्यक्तीला स्वतःच्या नावे अर्ज करण्याची सोय त्यातही नव्हती.

ह्याच धोरणाखाली २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, अवर्षण ज्याच्या पाचवीला पुजलेले आहे अशा म्हसवडला, माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली. अशा केंद्रांना पन्नास वॅटचे यंत्र आणि फार तर तीस मीटर उंचीचा मनोरा, एवढीच मुभा होती. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडण्यास नाखूश असल्यामुळे आवाज पाच-दहा किलोमीटरांतच विरतो. ह्या मर्यादेला कोणी उणीव म्हणतो. मला ती ह्या केंद्रांची खरी सनद वाटते, कारण ऐकणारा निवेदकाला तोंडओळखीचा असतो आणि बोली बदलण्याचे कारण पडत नाही. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक मंडळींच्या सहभागाने घडावेत, असे धोरणच सांगत होते. मात्र त्याच धोरणाने बातम्या व राजकारण वर्ज्य केले होते. म्हणजे पाण्याच्या काटकसरीवर तासभर बोलावे, पण ते पाणी कोणी व कोणासाठी अडविले हा वाद निघाला, की निवेदकाने परवान्यावरील अटी आठवाव्या.