वाक्यविन्यास व मनोगत व्याकरण
वाक्यविन्यास व मनोगत व्याकरण : वाक्यातील पदांची रचना आणि त्या रचनेचे भाषकाच्या मनात वसणारे ज्ञान यांचा अभ्यास. भाषाविज्ञानाच्या प्रारंभिक अध्ययनात हे दोन विषय एकत्र शिकविले जातात. मात्र त्यांची आजच्या स्वरूपातील सांगड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच घातली गेली.

पाणिनीने (इ. स. पू. सु. पाचवे-चौथे शतक) सु. ४,००० सूत्रांच्या अष्टाध्यायीत क्रिया व तिच्याशी निगडित असलेले घटक यांचे संबंध सहा कारकांच्या द्वारे मांडले. भर्तृहरीने (इ. स. सु. पाचवे शतक) वाक्यपदीयात वाक्य हेच अर्थाचे अखंड एकक मानले. यूरोपात पोर्ट-रॉयल व्याकरणाने (१६६०) वाक्यरचनेमागील विचारव्यापाराचा शोध घेतला. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) प्रयोगविचाराची विस्तृत चर्चा आढळते.

अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात वाक्याची फोड लगतच्या घटकांत करण्याची पद्धती पुरस्कारिली, पण मनाविषयीची विधाने शास्त्राबाहेर ठेवली. या पद्धतीने ‘जुन्या वह्या व पाट्या’ या पदबंधाची द्व्यर्थता उलगडते : ‘जुन्या’ हे विशेषण केवळ वह्यांना लागते की दोन्ही नामांना, हे शब्दक्रमावरून नव्हे, तर घटकांच्या बांधणीवरून ठरते.

नोम चॉम्स्की (१९२८–   ) यांनी १९५७ मधील ग्रंथात मर्यादित नियमांतून अमर्याद वाक्ये कशी सिद्ध होतात, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. १९५९ मध्ये त्यांनी बी. एफ्. स्किनर यांच्या वर्तनवादी उपपत्तीवर कठोर टीका केली व १९६५ मध्ये भाषिक क्षमता आणि प्रत्यक्ष भाषिक वर्तन यांत भेद केला. तत्पूर्वी, १९५८ मध्ये, जीन बर्को यांनी मुलांना काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून एक बनावट नाव सांगितले. मुलांनी न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन नियमानुसार केले. मुले केवळ अनुकरण करीत नाहीत, हे त्यावरून दिसले.

मराठीतही हेच प्रत्ययास येते. ‘मुलगी आंबा खाते’ येथे क्रियापद कर्त्यानुसार, तर ‘मुलीने आंबा खाल्ला’ येथे कर्मानुसार चालते; ‘मुलीने मांजराला पकडले’ येथे ते दोहोंपैकी कोणालाच अनुसरत नाही. कर्मणी व भावे या संज्ञा कधीही न ऐकलेले शाळापूर्व वयाचे मूलही ही व्यवस्था आत्मसात करते.

हे ज्ञान कितपत उपजत आहे, याविषयी मतभेद आहेत. मायकेल टोमासेलो यांनी २००३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीत प्रत्यक्ष वापर व सामान्य बोधनक्षमता यांवर भर आहे. तथापि व्याकरण प्रथम भाषकाच्या ठायी असते व ग्रंथ त्याचे वर्णन करतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. म्हणूनच बोलीला ‘अशुद्ध’ किंवा नियमहीन ठरविणे शास्त्रदृष्ट्या टिकत नाही : निरक्षर भाषकाची बोलीही प्रमाणभाषेइतकीच नियमबद्ध असते. शाळेत प्रमाणभाषा शिकविताना मुलाच्या घरच्या भाषेकडे उणीव म्हणून न पाहता आधीच संपादन केलेले ज्ञान म्हणून पाहावे, हे या अभ्यासाचे व्यावहारिक फलित होय.