अफवेचे गणित

जानेवारी १९९३ मध्ये आम्ही सातवीत होतो आणि घाटकोपरला राहत होतो. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीतील पुरुष मंडळी रात्रभर गच्चीवर पहारा देत. तिथे दगडांचा आणि सोड्याच्या बाटल्यांचा ढीग रचलेला असे. ‘दोन ट्रक भरून माणसे निघाली आहेत,’ ही बातमी रोज रात्री अकराच्या सुमारास येई. ती कोणी आणली हे कोणालाच सांगता येत नसे. फोन दोनच घरी होते आणि दोन्हीकडे हीच बातमी पोचलेली असे. ट्रक कधीच आले नाहीत. रस्त्यापलीकडच्या वस्तीतील मुसलमान कुटुंबेही त्या रात्री तशाच ट्रकांच्या धास्तीने जागी होती, हे आम्हाला फार पुढे एका वर्गमित्राकडून कळले.

या भीतीच्या मुळाशी खऱ्या घटना होत्या, हे विसरून चालणार नाही. ५ जानेवारीच्या रात्री डोंगरीत चार माथाडी कामगारांचा खून झाला. ८ जानेवारीला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीत घरांना बाहेरून कड्या घालून आग लावण्यात आली. पाच स्त्रिया आणि एक पुरुष जळून मेले. अयोध्येच्या घटनेनंतर डिसेंबरात उसळून शमलेली दंगल त्याआधीच पुन्हा पेटली होती. आता ती भडकली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसे मेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जणांचा धर्म कळला नाही.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग १९९३ मध्ये नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये तो गुंडाळण्यात आला, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. माथाडींचे खून आणि राधाबाई चाळ यांची अतिरंजित वर्णने छापून हिंदूंच्या भावना भडकवल्या गेल्या, असे आयोगाने ‘सामना’ व ‘नवाकाळ’ या दैनिकांची नावे घेऊन म्हटले आहे. अद्ययावत शस्त्रांनिशी हल्ला होणार या अफवांचाही उल्लेख त्यात आहे. तेव्हाच्या युती सरकारने हा अहवाल एकतर्फी ठरवून नाकारला. आम्हाला तो प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावा असा वाटतो, मग त्यातील निष्कर्ष पटोत वा न पटोत.

खरी बातमी आणि अफवा यांचे नाते कसे असते? गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक साधे सूत्र मांडले. अफवेचा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो: विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता. या दोहोंची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा. म्हणजे एक जरी शून्य झाली तरी अफवा उरत नाही. संचारबंदीत महत्त्व प्रचंड असते, कारण प्रश्न जिवाचा असतो. आणि कोपऱ्यापलीकडे काय चालले आहे हे दिसत नसल्याने संदिग्धताही प्रचंड असते.

याहून चकित करणारे काम आपल्याकडचे आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या. चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा त्या होत्या. या अफवा जिथल्या, तिथे धक्का जोरात जाणवला होता, पण पडझड झाली नव्हती. पुढे लिऑन फेस्टिंगर यांनी याचा अर्थ असा लावला, की भीती वाटते आहे पण कारण दिसत नाही, म्हणून मन कारण शोधते. आमची गच्ची आता आम्हाला समजते. आमच्या गल्लीत काहीच घडले नव्हते.

मग वृत्तपत्राने दंगल घडवली असे म्हणावे का? न्यायाधीश साक्षीपुरावे तपासतो. वैज्ञानिक तुलना मागतो. रवांडात १९९४ च्या नरसंहारात आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र उघड चिथावणी देत होते. तिथे डोंगरांआडच्या गावांत त्याचे प्रक्षेपण पोचत नव्हते. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१४ मध्ये अशा गावांची आणि प्रक्षेपण पोचणाऱ्या गावांची तुलना केली, तेव्हा हिंसेचा सुमारे दहावा भाग नभोवाणीच्या खाती पडला. दहावा भाग म्हणजे हजारो माणसे. पण उरलेल्या नऊ भागांची कारणे वेगळी. मुंबईत असे डोंगर नाहीत. वृत्तपत्र प्रत्येक नाक्यावर मिळत होते.

एक ढोबळ तुलना मात्र करता येते. १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिलेली भिवंडी डिसेंबर १९९२ मध्ये शांत राहिली. मुंबईची वृत्तपत्रे तिथेही जात. फरक एवढाच नव्हे, पण एक मोठा फरक असा, की १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांची माणसे आणि त्या भागातला पोलीस नियमितपणे एकत्र बसत. एका गावावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तरी ऑलपोर्ट यांच्या सूत्रात ही गोष्ट बरोबर बसते. महत्त्व कमी करणे कोणाच्याच हाती नसते. संदिग्धता मात्र पलीकडच्या मोहल्ल्यात विचारता येईल असा ओळखीचा माणूस असला, की कमी होते.

दंगलीनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशा समित्या निघाल्या. आमच्या गच्चीवर ट्रकांची बातमी आली, तेव्हा नाक्यावर जाऊन पाहून यावे असे एकदाही कोणाला सुचले नव्हते.