हार्ली-डेव्हिडसन फोर्क : ओळख आणि अदलाबदल

हार्ली-डेव्हिडसन फोर्क : मिलवॉकी (अमेरिका) येथील हार्ली-डेव्हिडसन कंपनीच्या मोटारसायकलींचा पुढचा चिमटा. प्रस्तुत नोंद मुख्यतः १९४९ ते १९८७ या काळातील फोर्कपुरती आहे. या फोर्कचे सुटे भाग पुढे चॉपर व इतर कस्टम गाड्यांवर इतके मिसळले की गाडीच्या सालावरून फोर्कचे साल ठरवता येत नाही. १९७०पूर्वी कंपनी चॅसीवर ओळख क्रमांक टाकत नसे; गाडीची ओळख इंजिनावरील क्रमांकानेच होई. त्यामुळे अशा गाड्यांच्या कागदपत्रांतले साल हे इंजिनाचे असते आणि फोर्क मात्र व्हर्नियर कॅलिपर लावूनच ओळखावा लागतो.

रचना : टेलिस्कोपिक फोर्कमध्ये वरची व खालची टी (दोन्ही पाइप धरणारे आडवे भाग), चॅसीच्या नेकमधून जाणारा दांडा, कोनसेट (नेकमधील बेअरिंग), दोन फोर्क पाइप, त्यांवर सरकणारे दोन बॉटम, स्प्रिंगा, डॅम्पर, बुश आणि ऑइल सील हे मुख्य भाग असतात.

स्प्रिंगर फोर्क : मोठ्या दोन-सिलिंडर गाड्यांवर १९४८पर्यंत. मागचे पाय नेकला पक्के, पुढचे पाय वर-खाली हलणारे. दोन्ही खाली रॉकर नावाच्या आडव्या दुव्यांनी जोडलेले आणि चाकाचा एक्सल त्या रॉकरमध्येच बसवलेला. पॅनहेड इंजिन १९४८ साली आले आणि टेलिस्कोपिक फोर्क १९४९ साली. म्हणून पॅनहेडसोबत कारखान्यातून स्प्रिंगर फोर्क आला तो फक्त त्या एका वर्षी. ४५ घनइंची दुचाकी गाड्यांवर तो १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेल्या एक्सए या गाडीचा स्प्रिंगर नेहमीपेक्षा लांब होता आणि युद्धानंतर चॉपर बांधणाऱ्यांनी तो शोधून शोधून वापरला. असा लांब फोर्क न मिळाल्यास साध्या स्प्रिंगरचे पाय कापून वाढवले जात. त्यासाठी जुन्या फोर्ड मोटारींच्या पुढच्या एक्सलचे रेडियस रॉडही वापरलेले आढळतात. अशा फोर्कवरील वेल्डिंगचे जोड व घडीव भाग चुंबकीय कणांच्या तपासणीने तडे पाहिल्याशिवाय वापरू नयेत. कारखान्याने स्प्रिंगर १९८८ साली सॉफ्टेल मालिकेत पुन्हा आणला. त्याचे भाग जुन्या स्प्रिंगरला चालतील असे गृहीत धरू नये.

गर्डर फोर्क : बाहेरच्या उत्पादकांचा, येथे विचार केलेला नाही.

टेलिस्कोपिक फोर्क, व्यासानुसार : ओळखीचा हा सर्वांत भरवशाचा आधार. व्यास सीलच्या वर, झीज न झालेल्या जागी मोजावा.

(१) ४१ मिमी – १९४९च्या हायड्रा-ग्लाइडपासून मोठ्या गाड्यांची एफएल मालिका. मूळ गाडीवर पाइपवर पत्र्याचे आवरण असते. चॉपरवर ते बहुधा काढलेले असते. दोन पायांतील अंतर जास्त. १९८० साली आलेल्या एफएक्सडब्ल्यूजी वाइड ग्लाइड या कारखानानिर्मित कस्टम गाडीने हेच रुंद रूप २१ इंची चाकासह वापरले. वाइड ग्लाइड हे नाव पाइपच्या जाडीचे नसून पायांतील अंतराचे आहे, हे सुटे भाग विकत घेताना लक्षात ठेवावे.

(२) ३३.४ मिमी – १९५२च्या के मॉडेलपासून, १९५७नंतरच्या स्पोर्टस्टरवर आणि १९७१ साली आलेल्या एफएक्स सुपर ग्लाइडवर १९७२पर्यंत. कंपनीचे रचनाकार विली जी. डेव्हिडसन यांनी सुपर ग्लाइडमध्ये एफएलची चॅसी व इंजिन यांना स्पोर्टस्टरचा पुढचा भाग जोडला. मोठ्या इंजिनावर लहान गाडीचा फोर्क चढवण्याची कस्टमवाल्यांची प्रथा कारखान्यानेच स्वीकारल्याचे हे उदाहरण मानतात.

(३) ३५ मिमी – स्पोर्टस्टर व एफएक्सवर १९७३पासून, पुढच्या डिस्क ब्रेकसह. १९७३-७४चा फोर्क कायाबा या जपानी कंपनीचा, १९७५पासूनचा शोवाचा. व्यास एकच असला तरी पाइप व आतले भाग सुट्या भागांच्या सूचींत स्वतंत्र दिलेले असतात. ते एकमेकांत मिसळू नयेत. खरेदीतली फसगत सर्वांत जास्त इथेच होते.

(४) ३९ मिमी – १९८०च्या दशकाच्या अखेरीस.

भागांचे क्रमांक : कारखान्याचा क्रमांक पाच आकडे, आडवी रेघ व दोन आकडे असा असतो. शेवटचे दोन आकडे तो भाग प्रथम वापरात आल्याचे साल दाखवतात, गाडीचे नव्हे. नेकच्या टेपर रोलर बेअरिंगचा क्रमांक ४८३००-६० आहे; म्हणजे त्याची रचना १९६०ची, पण तो पुढे अनेक वर्षे वापरला गेला. ओतीव भागावर कोरलेला क्रमांक हा ओतकामाचा असू शकतो. तो सूचीतील क्रमांकाशी जुळलाच पाहिजे असे नाही.

अदलाबदल : दोन्ही टी, दोन्ही पाइप व दोन्ही बॉटम एकाच संचातील असावेत. पाइपपेक्षा मोठ्या भोकाच्या टीमध्ये पत्र्याची पट्टी घालून पाइप आवळणे धोक्याचे आहे. संच वेगळ्या चॅसीवर चढवताना पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

नेक : दांड्याचा व्यास, नेकची लांबी आणि कोनसेटचा प्रकार. जुन्या नेकमध्ये सुट्या गोळ्या असतात. टेपर रोलर बसवताना कप व दांडा दोन्ही जुळावे लागतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप टाकीला लागत नाही व स्टॉपवर नीट थांबतो हे पाहावे.

पाइप : व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने सरळपणा तपासावा. सील जिथे घासते तिथे गंजाचे खड्डे असल्यास नवे सीलही तेल धरत नाही. वाकलेला पाइप सरळ करून वापरण्याबाबत कारागिरांत मतभेद आहेत. लांबी वाढवण्यासाठी वरच्या टोकाला आट्यांनी जोडले जाणारे तुकडे १९७०च्या दशकात विकले जात. त्याऐवजी अखंड लांब पाइप घ्यावा.

ब्रेक : ड्रमची प्लेट बॉटमला पक्की अडकली पाहिजे. तशी सोय नसलेल्या बॉटममध्ये ड्रमचे चाक घातल्यास ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक अडकू शकते. डिस्कच्या बाबतीत कॅलिपर डिस्कच्या मध्यावर येईल असे स्पेसर लागतात.

जुळवणी : खालच्या टीचे व एक्सलचे पिंच बोल्ट सैल ठेवून एक्सल घालावा, फोर्क काही वेळा दाबून सोडावा, पाय समांतर आले की मग बोल्ट आवळावेत. दोन्ही पायांत तेल सारखेच भरावे.

रेक व ट्रेल : नेकचा उभ्या रेषेशी असलेला कोन म्हणजे रेक. नेकची रेषा जमिनीला जिथे मिळते त्या बिंदूच्या मागे टायरचा स्पर्शबिंदू जितका असतो ते अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३४० मिमी व टीचा ऑफसेट (नेकच्या रेषेपासून पाइपच्या रेषेचे अंतर) ६० मिमी धरल्यास ३० अंश रेकला ट्रेल सुमारे १२७ मिमी येतो. नेक कापून रेक ४५ अंश केल्यास तो सुमारे २५५ मिमी होतो आणि कमी वेगात हँडल जड पडते. याउलट पाइपना तिरपे धरणाऱ्या रेक्ड टी मूळ नेकवर, मूळ लांबीच्या पाइपसह बसवल्यास ट्रेल घटतो व गाडी वेगात डोलू लागते. पाइप २५ मिमीने वाढवल्यास रेकही साधारण १ अंशाने वाढतो, म्हणून लांबी, नेक आणि टी यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. लांब स्प्रिंगरमध्ये रॉकरची लांबी बदलून ट्रेल आवाक्यात ठेवता येतो. लॉस एंजेलिस भागातील बांधणीकार शुगर बेअर या प्रकारासाठी ओळखले जातात.

प्रसिद्ध उदाहरण : ईझी रायडर (१९६९) या चित्रपटातील कॅप्टन अमेरिका ही पॅनहेड चॉपर. रुंद टीमधला लांबवलेला टेलिस्कोपिक फोर्क, पुढे ब्रेक नाही. बांधणीचे श्रेय दीर्घकाळ नीट नोंदले गेले नाही. आता ते सामान्यतः क्लिफ व्हॉज व बेन हार्डी यांना दिले जाते.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. लांबवलेला फोर्क या तरतुदीच्या कक्षेत येतो.