मोटारसायकलचा ब्रेक: लायनरपासून पॅडपर्यंत

मोटारसायकलचे ब्रेक पॅड झिजण्यासाठीच बनवलेले असते. धावत्या गाडीची गती घर्षणाने उष्णतेत बदलायची आणि त्यात डिस्क टिकावी, पॅड संपावे, अशी ही योजना असते. झिजणाऱ्या अस्तराची ही कल्पना घोडागाडीच्या काळातली. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या उतारांवर लाकडी ब्रेक तापून निकामी होत, म्हणून गाडीवान त्यांवर जुन्या बुटांचे तळवे ठोकत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांना वेगळे अस्तर बनवण्याचे सुचले, असे सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी या कामाला सुरुवात केली. पुढे स्वतःच्या आडनावातली अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर जोडून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. उष्णता सोसणारा अॅस्बेस्टॉसही लवकरच अस्तरात आला.

सुरुवातीच्या मोटारसायकलींना सायकलसारखेच रिमवर दाबणारे ब्रेक असत. नंतर ड्रम ब्रेक रुळला. त्यात चाकाच्या हबमध्ये अर्धगोलाकार दोन शू बसतात. कॅम फिरला की ते फाकतात आणि त्यांवरचे लायनर (अस्तर) ड्रमला आतून घासतात. रचना स्वस्त आणि चिखल-धुळीपासून बऱ्यापैकी झाकलेली. मात्र लांब घाटात सतत ब्रेक दाबला की आतली उष्णता कोंडते आणि ब्रेकची पकड कमी होते.

भारतातल्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत या गाड्यांनी अनेक दशके ड्रमवरच काढली. त्यांची दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजला सहज जमणारी होती. मागचे चाक काढायचे, ब्रेक प्लेट बाहेर घ्यायची, दोन्ही शू मिटत्या पुस्तकासारखे आत वळवून स्प्रिंगसकट उचलायचे. नवी जोडी बसवताना कॅमला आणि खुंटीला ग्रीसचा अगदी पातळ हात लावायचा. ग्रीस लायनरला लागले तर ब्रेक धरत नाही. लायनर झिजला तरी शू टाकून दिला जात नसे. त्यावर नवा लायनर चिकटवून किंवा रिवेट मारून तोच शू पुन्हा वापरता येई. झीजही लपत नसे: लायनर पातळ झाला की पायाखालचे पेडल अधिक खाली जाऊ लागे, आणि ब्रेक रॉडचा नट आवळून ते पुन्हा जागेवर आणावे लागे. नट आवळायला जागाच उरली नाही, की लायनर बदलण्याची वेळ झाली असे समजायचे.

डिस्क ब्रेकची कल्पनाही जुनीच. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण त्यांची तांब्याची पॅड कर्कश किंचाळत. दुचाकीवर डिस्क आली ती १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरवर, तीही केबलने ओढली जाणारी. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क दिली आणि मोठ्या मोटारसायकलींची वाट ठरून गेली.

भारतात ही वाट उशिरा उघडली. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहा आरडी ३५० वर बेतलेली राजदूत ३५० आणली, तेव्हा मूळ जपानी गाडीतल्या पुढच्या डिस्कच्या जागी ड्रम बसवला. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर १८० आली, आणि पुढची डिस्क तरुण ग्राहकाच्या ओळखीची झाली. डिस्क ब्रेकच्या सुट्या भागांचे कारखाने औरंगाबाद आणि पुण्याजवळच्या चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांत उभे राहिले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली.

दरम्यान अस्तराचा मसालाही बदलला. अॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन गंभीर आजार होतात, हे स्पष्ट झाल्यावर युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. त्याची जागा अॅरॅमिड तंतू, धातूची पूड आणि राळ यांच्या मिश्रणांनी घेतली. जुन्या गाडीचा ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, असा सल्ला दिला जातो तो याच कारणाने.

डिस्कने पेडल-लिव्हरमधला झिजेचा इशारा मात्र काढून घेतला. पॅड झिजले की त्याला दाबणारा पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि लिव्हर पूर्वीइतकीच घट्ट लागते. त्यामुळे पॅडवरची झीज दाखवणारी खाच डोळ्यांनी पाहावी लागते. ती पुसली गेली तर थोड्याच दिवसांत पॅडची मागची पोलादी पट्टी डिस्क खरवडू लागते. जुन्या गाडीत पॅड बदलताना ते धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट आणि पिन बहुधा गंजलेले सापडतात. पिस्टन स्वच्छ करूनच मागे ढकलावा लागतो आणि त्या वेळी वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल ओसंडणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते, कारण हे ऑइल रंग खाते. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहतात. पॅड बसल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा दाबतात. हे राहिले तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पुढचे काही दिवस हळूहळू ब्रेक लावत गाडी चालवली की पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.