निनादाची किंमत : वास्तूपासून सॉफ्टवेअरपर्यंत (पारंपरिक वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले धर्माबाद हे मिरचीची बाजारपेठ म्हणून सर्वपरिचित आहे. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांचा वावर असलेल्या या परिसराला वाद्यांचीही परंपरा आहे. गोंधळातील संबळ व तुणतुणे, खंडोबाच्या जागरणातील दिमडी, भजनी मंडळांचे टाळ, पखवाज, एकतारी व संवादिनी ही वाद्ये जिल्ह्यात माहूरच्या रेणुकेच्या दारी आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही ऐकावयास मिळतात. लोककलांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाला त्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी आता मुंबई-पुण्याच्या स्टुडिओची वाट पाहावी लागत नाही. लहान ध्वनिमुद्रक व साधा संगणक एवढ्यावर काम होते. मात्र असे ध्वनिमुद्रण बहुधा कोरडे वाटते आणि त्यास 'घुमारा' देण्यासाठी कोणते परवडणारे सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो.

हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक व खर्चाचा आहे. परंतु निनादाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, निनादाची किंमत गेल्या शतकात जवळजवळ शून्यावर आली. त्याची पारख मात्र स्वस्त झाली नाही. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन निवडीचे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

निनाद व प्रतिध्वनी :

प्रतिध्वनी व निनाद या संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या तरी त्यांत भेद आहे. मूळ ध्वनीनंतर किमान ०.१ सेकंदाने परावर्तित ध्वनी आला तरच तो कानाला वेगळा ऐकू येतो; २२ अंश सेल्सिअस तापमानाला त्यासाठी परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो. हा प्रतिध्वनी होय. याउलट बंदिस्त जागेत भिंती, छत व फरशी यांवरून असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून ध्वनी काही काळ रेंगाळतो. तो निनाद होय. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून फॉग कला संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्रयोग करून निनादकालाचे गणित मांडले. वक्त्याचे बोलणे समजू न देणाऱ्या त्या सभागृहात त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि ध्वनी किती लवकर विरतो हे मोजले. खोलीचे आकारमान वाढले की निनादकाल वाढतो व ध्वनिशोषण वाढले की तो घटतो, हा त्यांचा निष्कर्ष. १९०० मध्ये खुले झालेले बोस्टनचे सिंफनी हॉल या गणिताच्या आधारे बांधले गेले.

वास्तू हेच साधन :

शास्त्रीय मोजमापाच्या कितीतरी आधी भारतीय परंपरेने निनादाचा विचार केलेला आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप पर्वतगुहेच्या आकाराचा व लहान गवाक्षांचा असावा, जेणेकरून आवाजाला गांभीर्य येईल, असे सांगितले आहे. वेरूळचे दहावे लेणे, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृह, येथे उच्चारलेला स्वर कमानदार छताखाली कसा रेंगाळतो, याचा अनुभव आजही घेता येतो. विजापूर येथील मोहम्मद आदिलशाहाची कबर असलेल्या गोलघुमटाचा सज्जा तर कुजबुजीच्या वहनासाठी प्रसिद्धच आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी देशातील अशा वास्तूंचे जे निरीक्षण केले, त्यांत गोलघुमटाचाही समावेश होता.

या काळात निनादाची किंमत म्हणजे वास्तूची किंमत होती. ती राजसत्ता वा धर्मसंस्थाच देऊ शकत असे. गोंधळी, वासुदेव किंवा वाघ्या-मुरळी यांच्या कलेला असा आश्रय नव्हता. त्यांची वाद्ये अंगणात, ओसरीवर व उघड्या माळावर घडली. संबळाचा खणखणीत आवाज हा निनादाच्या आधाराविना दूरवर पोहोचण्यासाठी सिद्ध झालेला आवाज आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

कर्ण्यापासून स्टुडिओपर्यंत :

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकाता येथे गोहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गायिकेला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. कर्णा जवळचा व मोठा आवाजच टिपत असल्याने खोलीचा निनाद त्या तबकड्यांत जवळजवळ उतरलाच नाही. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण व मायक्रोफोन प्रचारात आले आणि गायकाबरोबर त्याच्या भोवतीची जागाही ध्वनिमुद्रणात येऊ लागली. जागा कमी-अधिक प्रमाणात हवी तशी आणता येते, हे लक्षात येताच ती एक कलात्मक सामग्री बनली.

हिंदी चित्रपटसंगीतातील दोन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत आणि दोन्ही लता मंगेशकर यांच्याशी निगडित आहेत. 'महल' (१९४९) या चित्रपटासाठी खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या 'आयेगा आनेवाला' या गीतात आवाज दुरून जवळ येत असल्याचा आभास हवा होता. त्यासाठी लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून गात-गात मायक्रोफोनकडे चालत यावे, अशी योजना करण्यात आली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. 'मुगल-ए-आझम' (१९६०) मधील शीशमहालातील गीतासाठी नौशाद यांनी स्टुडिओतील स्नानगृहाचा उपयोग केला, असे सांगितले जाते. त्यापूर्वी १९४७ मध्ये शिकागोच्या बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी स्नानगृहाचाच आधार घेतला होता. साधने अपुरी असताना वापरलेल्या या युक्त्यांमागे एक अचूक जाण होती : ऐकणाऱ्याला अंतर कळते ते सरळ येणारा ध्वनी व निनाद यांच्या परस्पर प्रमाणावरून. आजच्या प्रत्येक निनाद-सॉफ्टवेअरमध्ये 'कोरडा' व 'ओला' ध्वनी यांचे प्रमाण ठरविणारी जी खुंटी असते, ती लताबाईंच्या त्या चालण्याचेच यांत्रिक रूप होय.

पत्र्यापासून संगणकापर्यंत :

१९५७ मध्ये ई.एम.टी. या जर्मन कंपनीने टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनांतून निनाद निर्माण करणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते. तरीही स्वतंत्र निनादकक्ष बांधण्यापेक्षा ते स्वस्तच होते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मॅन्फ्रेड श्रोडर यांनी ध्वनीला ठरावीक विलंबाने पुनःपुन्हा स्वतःत मिसळून संगणकाद्वारे निनाद घडविता येतो, हे दाखवून दिले. या तत्त्वावरील यंत्रे १९७६ मध्ये ई.एम.टी. २५० व १९७८ मध्ये लेक्सिकॉन २२४ या रूपाने अवतरली, पण ती मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती. १९९९ मध्ये सोनी कंपनीच्या यंत्राने दुसरा मार्ग खुला केला. प्रत्यक्ष सभागृहात एक क्षणिक ध्वनी करून त्या जागेचा प्रतिसाद नोंदवावयाचा व तो कोणत्याही ध्वनिमुद्रणावर गणिताने लावावयाचा, हे त्याचे तत्त्व. २००१ मध्ये अल्टिव्हर्बने हेच तत्त्व सॉफ्टवेअरमध्ये आणले.

खरी क्रांती मात्र २००० साली झाली. 'जेझर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने श्रोडर यांच्या तत्त्वावरील 'फ्रीव्हर्ब' ही रचना कोणताही हक्क न राखता सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी ऑडॅसिटी हे विनामूल्य ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. त्यातील निनादाची सोय पुढे फ्रीव्हर्बवरच आधारली गेली. एकेकाळी घुमटाएवढी असलेली किंमत येथे शून्य झाली.

निवडीचे निकष :

आज उपलब्ध असलेल्या पर्यायांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग गणिती निनादाचा. यात ऑडॅसिटीमधील सोय, खुल्या परवान्याचे ड्रॅगनफ्लाय व विनामूल्य ओरिलरिव्हर यांचा समावेश होतो. सुमारे ५० डॉलरमध्ये मिळणारे व्हॅलहाला रूम हेही याच वर्गातील. दुसरा वर्ग नोंदविलेल्या जागांचा. रीपर या अल्पमोली सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय अंतर्भूत आहे, तर इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहातून अनेक वास्तूंच्या नोंदी उपलब्ध होतात. विनामूल्य असणे म्हणजे योग्य असणे नव्हे. उदाहरणार्थ, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह विनामूल्य असले तरी त्याचा भर विशाल, अवास्तव अवकाशावर आहे. तुणतुण्याला ते साजणार नाही.

पहिला निकष वाद्याच्या अंगभूत निनादाचा असावा. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारी स्वरांची आस, सतारीच्या व सारंगीच्या तरफांचे अनुकंपन हा वाद्यानेच सोबत आणलेला निनाद आहे. त्यावर दीर्घ निनाद चढविला की जवारीचा बारकावा झाकोळतो. अशा वाद्यांना एका सेकंदाच्या आतबाहेरचा निनाद बहुधा पुरेसा होतो. दिमडी व संबळ यांच्या बाबतीत निनाद अधिक झाल्यास बोल एकमेकांत मिसळून लयच अस्पष्ट होते.

दुसरा निकष खोलीचा. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशी रिकामी, गिलावा केलेली वर्गखोली घेतली आणि तिच्या पृष्ठभागांचे सरासरी शोषण पाच टक्के मानले, तर सेबाइनच्या सूत्रानुसार निनादकाल सुमारे २.८ सेकंद येतो. त्याच खोलीच्या भिंतींवर ३० चौरस मीटर गोधड्या टांगल्या आणि त्यांचे शोषण पन्नास टक्के मानले, तर तो सुमारे १.२ सेकंदावर येतो. म्हणजेच सॉफ्टवेअरवर खर्च करण्यापूर्वी घरातील गोधड्या अधिक उपयोगी पडतात. कोरड्या ध्वनीत निनाद केव्हाही घालता येतो. एकदा मिसळलेला निनाद मात्र आधुनिक सॉफ्टवेअरनेही मूळ ध्वनीला धक्का न लावता पूर्णतः वेगळा करता येत नाही.

तिसरा निकष इतिहासाचा आहे आणि तोच बहुधा दुर्लक्षित राहतो. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या तयार जागांत युरोपातील चर्च व संगीतगृहे यांचा भरणा अधिक असतो. माळावरच्या संबळाला चर्चचा निनाद लावणे म्हणजे त्या वाद्याचा सामाजिक पत्ताच बदलणे होय. ऐकणाऱ्याला ते कदाचित भव्य वाटेल, परंतु दस्तऐवज म्हणून ते दिशाभूल करणारे ठरेल. यावर उपायही अल्पखर्चाचा आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर, गावातील एखादा वाडा किंवा भजनाची ओसरी येथे, संबंधितांच्या परवानगीने, फुगा फोडून त्या जागेचा प्रतिसाद ध्वनिमुद्रकावर नोंदविता येतो. तो रीपरमध्ये घातला की त्या जागेचा निनाद आपल्या ध्वनिमुद्रणास देता येतो.

निष्कर्ष :

निनादाचा इतिहास हा वास्तू, यंत्र व सॉफ्टवेअर अशा तीन टप्प्यांचा असून प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत घटत गेली. पूर्वी निनाद मिळविणे कठीण होते. आज तो आवरणे कठीण आहे. लोकवाद्यांचे संकलन करणाऱ्या महाविद्यालयांनी म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाची निनादविरहित मूळ प्रत स्वतंत्र जतन करावी, निनाद केवळ श्रवणासाठीच्या प्रतीत द्यावा, आणि कोणते सॉफ्टवेअर व कोणती जागा वापरली याची नोंद सोबत ठेवावी. परंपरेने वाजविणारी पिढी झपाट्याने ओसरत आहे. एखाद्या वृद्ध गोंधळ्याचे संबळ पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही. त्याचा आवाज पुढील अभ्यासकांपर्यंत जसाच्या तसा पोहोचणे, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा अधिक मोलाचे आहे.