लाल टॅपेट कव्हर

तर झालं असं, की गेल्या विकांताला जळगावला मामांकडे गेलो होतो. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचं रजिस्ट्रेशन पुढच्या महिन्यात संपतंय. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी ही परीक्षा असते. पास झाली तर ठीक, नाहीतर भंगार. (मामींचं मत भंगाराच्या बाजूने.) तेवढ्यासाठी इंजिन जरा माणसात आणू म्हणून आम्ही टॅपेट कव्हर रंगवायला काढलं. पुस्तकात ज्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात तेच.

माझ्या डोक्यात लालभडक, सुरकुत्यांचा रंग होता. १९५६ साली फेरारीने रेसच्या एका गाडीच्या इंजिनाची वरची झाकणं लाल रंगवली आणि तिचं नावच पडलं 'टेस्टा रोसा', म्हणजे लाल डोकं! आपली पद्मिनीही मुळात इटलीचीच की. फियाट ११००, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला बांधलेली. १०८९ सीसीचं इंजिन, व्हॉल्व्ह डोक्यावर, त्यावर दाबून घडवलेल्या पत्र्याचं झाकण. पत्रा गंजतो म्हणून रंग. एवढं साधं कारण!

सुरकुत्यांच्या रंगाचीही गंमत आहे. दुधावर साय धरते तशी वरची कातडी आधी वाळते, खाली ओलंच असतं, मग ती आक्रसून चुण्या पडतात. १९३० नंतर टाइपरायटर, रेडिओ, मोजमापाची यंत्रं, सगळीकडे हा रंग दिसायला लागला. कारण? खडबडीत ओतीव भाग घासत बसायची मजुरी वाचते, दोष चुण्यांत लपतात. म्हणजे आज ज्याला आपण शान म्हणतो ती मूळची काटकसर.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल गळंल ते दिसाले पायजे ना भो! चंदेरी लाव."

असो. आधी जुना रंग काढायचा होता. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला फडकं बांधून, पाणी लावून पॉलिश पेपर घासत बसलो. वर निळा निघाला. त्याखाली चंदेरी. त्याखाली पुन्हा चंदेरी, पण जाड, ब्रशने फासलेला. "हा धुळ्याचा," मामा लगेच म्हणाले. गाडी आधी धुळ्याला होती. आग्रा रोड आणि सुरत-कलकत्ता हायवे जिथे भेटतात ते हे गाव, ट्रकवाल्यांच्या गॅरेजांचं. तिथे इंजिन खोललं की कव्हरला एक हात मारून द्यायचे. म्हणजे थर मोजले की इंजिन किती वेळा खोललं ते कळतं. सगळ्यात खाली, कडेच्या घडीत, काळा.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं गोळा करत फिरले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. मी मात्र दप्तर घासून गटारात सोडत होतो! घडीतला काळा तेवढा तसाच ठेवला. मामांना सांगितलं नाही.

पहिला हात दुपारी मारला, ही चूक. मे महिन्यातलं जळगाव, पारा ४४ च्या घरात, रंग पत्र्यावर टेकेपर्यंत थिनर उडून गेला. त्यात वावटळ आली. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग, वर मातीचा मुलामा. सगळं घासून रविवारी पहाटे साडेपाचला पुन्हा. आतल्या बाजूला रंग लावायचा नाही, पापुद्रे निघून तेलात जातात. गॅस्केट बसते ती कडही कोरी.

चंदेरीच लावला. निघायच्या वेळी मामा नवी कॉर्कची गॅस्केट लावून कव्हर बसवत होते, नट अगदी हलक्या हाताने आवळत. पत्रा वाकला की तेल गळणारच. गाडी चालू केली. दहा मिनिटं दोघंही वाकून नुसते बघत उभे.

डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला.

"दिसला ना?" मामा म्हणाले आणि पाना घेतला.